जुन्या गोव्याची लाल भिंत: बॉम जीझस बासिलिकेच्या इंद्रियानुभवाची पार्श्वभूमी

कोकण किनाऱ्यावरील जुन्या चर्चविषयी लिहिताना बहुतेक वेळा वास्तूचा इतिहास एकीकडे आणि भाविकांचा अनुभव दुसरीकडे ठेवला जातो. जुन्या गोव्यातील बॉम जीझस बासिलिकेच्या बाबतीत ही विभागणी टिकत नाही. ती वास्तू उभारणाऱ्या जेझुइट धर्मसंघाच्या प्रार्थनापद्धतीत पाचही ज्ञानेंद्रियांना मानाचे स्थान होते, आणि तिच्या उघड्या भिंतींना पुन्हा चुन्याचा गिलावा द्यावा की नाही, असा जो वाद गेली अनेक वर्षे चालू आहे तो ती डोळ्यांना कशी दिसावी याच प्रश्नापासून सुरू होतो. सावंतवाडी-वेंगुर्ल्याकडून संत फ्रान्सिस झेवियर यांच्या डिसेंबरमधील फेस्ताला, म्हणजे उत्सवाला, जाणारे भाविक असोत की सहलीच्या गाडीतून उतरणारी शाळकरी मुले, सर्वांच्या मनावर पहिल्यांदा ठसते ती जांभ्या दगडाची उघडी लाल भिंत, आणि चर्च चारशे वर्षांचे म्हणजे भिंतीचे हे रूपही तितकेच जुने, असे पाहणारा गृहीत धरतो. प्रत्यक्षात त्या चर्चमध्ये जे ऐकू येते, ज्याचा वास येतो आणि जे जिभेवर ठेवले जाते, त्यातील बरेच काही या लाल रूपाहून कितीतरी जुने आहे.

बांधकामाचा आरंभ 24 नोव्हेंबर 1594 रोजी झाला आणि 15 मे 1605 रोजी चर्चचा अभिषेक झाला. खर्चाचा मोठा भार कोचीनच्या एका दिवंगत कप्तानाने मृत्युपत्रात ठेवलेल्या देणगीने उचलला. त्याचे स्मारक आजही आतल्या भिंतीत आहे. शेजारचे संघनिवास चर्चच्या आधीचे. या सनावळीपेक्षा आतल्या मोकळ्या जागेची रचना अधिक बोलकी आहे. मधे खांबांच्या रांगा नाहीत, एकच सलग दालन आहे, आणि प्रवचनाचा कोरीव लाकडी मंच वेदीपाशी नसून बाजूच्या भिंतीवर, ऐकणाऱ्यांच्या मधोमध येईल असा बसवलेला आहे. वेदी कोठूनही दिसावी आणि उपदेशकाचा आवाज शेवटच्या माणसापर्यंत पोहोचावा, असा हा विचार होता. या संघाच्या साधनेत एक ठरलेला अभ्यास असतो: शुभवर्तमानातील प्रसंग मनात उभा करायचा आणि मग तो क्रमाने पाहायचा, ऐकायचा, हुंगायचा, चाखायचा आणि त्याला स्पर्श करायचा. सोळाव्या शतकाच्या मध्याला या साधनाविधीला रोमची मान्यता मिळाली होती, आणि 1563 मध्ये संपलेल्या ट्रेंटच्या धर्मपरिषदेने प्रतिमांचा उपयोग उचलून धरला होता. त्यामुळे बॉम जीझसची सोन्याचा मुलामा दिलेली भव्य वेदी, तिच्यावरील संघसंस्थापकाची मोठी मूर्ती आणि त्या मूर्तीच्या वर वळलेल्या दृष्टीसमोरचे येशूनामाचे किरणांकित चिन्ह ही निव्वळ सजावट ठरत नाही. पाहणे हीच तेथे प्रार्थनेची पहिली पायरी मानलेली आहे.

ऐकण्याचा इतिहास अधिक गुंतागुंतीचा आहे. चर्चच्या विधींची भाषा लॅटिन होती आणि ती सामान्य भाविकाला कळत नसे; पण उपदेशाची आणि गायनाची भाषा लोकांच्या जवळ आणण्याचे प्रयत्न फार लवकर सुरू झाले. गोव्याच्या सासष्टीतील राशोलच्या मुद्रणालयातून 1616 मध्ये मराठी ओवीबद्ध ख्रिस्तचरित्र बाहेर पडले आणि ते चर्चमध्ये जमलेल्या लोकांना वाचून दाखवले जाऊ लागले. म्हणजे या किनाऱ्यावरच्या ख्रिस्ती माणसाच्या कानावर ओवी पडू लागून आता चारशे वर्षे उलटली आहेत. पुढे 1684 च्या फर्मानाने स्थानिक भाषेच्या वापरावर घाला घातला. लॅटिनची जागा लोकभाषांना मिळाली ती 1963 च्या उपासनाविषयक सुधारणेनंतर. तिने मातृभाषेला मोकळीक दिली आणि ठिकठिकाणच्या संगीतपरंपरांना मान देण्यास सांगितले. आज बासिलिकेत मिस्सा, म्हणजे मुख्य उपासनाविधी, कोंकणीतून कानी पडते. हा बदल जाणत्या वयात अनुभवलेली पिढी अजून आपल्यात आहे. मात्र उपवासकाळातील मोतेत, व्हायोलिन आणि क्लॅरिनेटच्या साथीने अनेक स्वरांत गायले जाणारे ते करुण गायन, गोव्याच्या गावोगावी अजूनही लॅटिन शब्दांना धरून आहे, आणि ते ऐकताना अर्थ न कळणाऱ्या माणसाचाही कंठ दाटून येतो.

घंटांविषयीही थोडे सांगणे भाग आहे, कारण कोकणात चर्चच्या घंटेचा नाद चर्चपुरता राहिलेला नाही. 1739 मध्ये वसई मराठ्यांनी जिंकल्यावर तेथील घंटा देशावर नेल्या गेल्या आणि त्यांतील काही आजही देवळांत वाजतात. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातील घंटेवर 1721 हे साल आहे, तर वाईजवळच्या मेणवलीच्या घंटेवर 1707. जुन्या गोव्यातील ऑगस्टिनी संघाचा मठ ओस पडल्यावर त्याची प्रचंड घंटाही जागा बदलत गेली आणि 1871 पासून ती पणजीच्या टेकडीवरील चर्चमध्ये आहे. पवित्र गुरुवारच्या रात्रीपासून ईस्टरच्या जागरणापर्यंत घंटा मुक्या ठेवतात आणि तेवढ्या काळात लाकडी खडखडाट करणारी मात्राक फिरवतात. धातूच्या नादानंतर येणारा तो कोरडा आवाज लहान मुलांनाही सांगतो की आज काहीतरी निराळे आहे.

वास आणि चव यांच्या नोंदी कागदोपत्री कमी सापडतात, पण त्या सर्वांत कमी बदललेल्या आहेत. धूपदाणीतील ऊद, वितळते मेण आणि पावसाळ्यात दमट झालेल्या लाकडाचा वास, हे मिश्रण किनाऱ्यावरच्या कोणत्याही जुन्या चर्चमध्ये भेटते. फेस्ताच्या फेरीत मेणाचे हात, पाय, बाळ, घर अशा आकृती नवसासाठी विकत मिळतात. पाय दुखणारा मेणाचा पाय वाहतो. त्याच फेरीत गुळात घोळलेली, आल्याचा झणका असलेली खाजी कागदात बांधून मिळतात, आणि हिंदू असो की ख्रिस्ती, ती घरी नेल्याशिवाय फेस्त पुरे झाले असे कोणी मानत नाही. ऑगस्टमधील कणसांच्या फेस्ताला भाताची नवी लोंबी चर्चमध्ये आशीर्वादासाठी आणतात. नव्याचा हा मान सिंधुदुर्ग-रत्नागिरीतल्या शेतकऱ्याला समजावून सांगावा लागत नाही, कारण त्याच्याही दाराला नवे बांधले जाते.

स्पर्शाची गोष्ट सांगू लागलो की वर्षे पुन्हा नेमकी होतात. गोंयचो सायब, म्हणजे ज्यांचे शव या बासिलिकेत आहे ते संत फ्रान्सिस झेवियर, 3 डिसेंबर 1552 रोजी चीनच्या किनाऱ्याजवळच्या बेटावर निवर्तले आणि त्यांचे शव मलाक्कामार्गे मार्च 1554 मध्ये गोव्यात पोहोचले. संतपद मिळाले ते 1622 मध्ये. गोमंतकीय सोनारांनी 1636-37 मध्ये घडवलेल्या चांदीच्या पेटीत आणि फ्लोरेन्सहून आलेल्या, 1698 मध्ये जोडून उभ्या केलेल्या संगमरवरी चौथऱ्यावर आज ते शव इतक्या उंचीवर आहे की हात पोहोचत नाही. संघाला 1759 मध्ये हद्दपार केल्यावर, जाताना शव नेऊन दुसरेच ठेवले अशी आवई उठली आणि ती शमवण्यासाठी 1782 मध्ये पहिले सार्वजनिक प्रदर्शन भरवण्यात आले. लोकांनी डोळ्यांनी पाहावे आणि खात्री करून घ्यावी, हाच त्याचा हेतू होता. पुढच्या प्रदर्शनांत भाविकांना पायांचे चुंबन घेता येत असे; आता काचेआडून दर्शन होते. ही मर्यादा शवाच्या जतनासाठी आहे आणि ती भाविकांनी फारशी कुरकुर न करता स्वीकारली आहे, ही गोष्ट पुढच्या वादाच्या संदर्भात ध्यानात ठेवण्याजोगी आहे. जतनासाठी सवयीचा अनुभव बदलावा लागला तर लोक तो बदलू देतात.

1952 हे संताच्या निधनाचे चारशेवे वर्ष होते. त्या वर्षीच्या प्रदर्शनाच्या तयारीच्या काळातच बासिलिकेच्या बाह्य भिंतींवरचा चुन्याचा गिलावा उतरवला गेला. त्यापूर्वीची छायाचित्रे उपलब्ध आहेत आणि त्यांत ही वास्तू आजच्यासारखी उघडी दिसत नाही. रस्त्यापलीकडचे से कॅथेड्रल आज जसे पांढरे दिसते, तशाच गिलाव्याच्या वस्त्रात ती उभी होती. काम पोर्तुगालहून आलेल्या एका अधिकारी वास्तुविशारदाच्या देखरेखीखाली झाले. त्या काळात पोर्तुगालमध्ये जुन्या स्मारकांवरची नंतरची पुटे काढून आतला दगड उघडा करण्याची पद्धत सरकारी दुरुस्तीत रूढ होती. दगड दिसला की वास्तू प्राचीन आणि भारदस्त वाटते, असा त्यामागचा समज होता. गोव्यावरील आपला ऐतिहासिक हक्क जगापुढे मांडण्याची लिस्बनला 1947 नंतर निकड वाटत होती, हेही विसरून चालत नाही. जुन्या गोव्यातील व्हाइसरॉयची कमान 1954 मध्ये नव्याने उभारली गेली ती याच वातावरणात. ओस पडलेल्या राजधानीचे स्मारकनगर करण्याच्या त्या प्रयत्नात बॉम जीझसच्या वाट्याला लाल भिंत आली.

पोर्तुगालमधील पुष्कळ मध्ययुगीन चर्च कठीण ग्रॅनाइटची आहेत आणि तेथे हा प्रयोग निदान दगडाला मानवणारा होता. जांभ्याची प्रकृती निराळी आहे. खाणीतून काढताना तो इतका मऊ असतो की चिरा हत्याराने सहज तासता येतो; हवा लागल्यावर तो टणक होतो, पण त्याची छिद्रे तशीच राहतात. लोह आणि ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडांच्या जाळीत मातकट भाग अडकलेला असतो आणि जोराचा पाऊस तो हळूहळू धुऊन काढतो, त्यामुळे पृष्ठभागावर खळगे पडतात, खळग्यांत पाणी साचते, शेवाळ धरते आणि भिंत काळवंडते. गोव्यात वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. कोकणातला गवंडी हे पिढ्यान्‌पिढ्या जाणून आहे. म्हणूनच जुन्या घरांच्या पावळ्या लांब असतात, जोत्याचा चिरा निवडून घेतला जातो, भिंतीला चुना किंवा मातीचा लेप दिला जातो आणि ज्या घराला लेप देणे परवडत नाही तेथे झडीच्या बाजूला पावसाआधी नारळाच्या झावळ्यांचे झाप बांधले जातात. उंच दर्शनी भिंत असलेल्या चर्चला पावळीचा आडोसा मिळत नाही. तिचे पावसापासून रक्षण करणारी एकच गोष्ट असते, ती म्हणजे गिलावा. चुन्याचा गिलावा स्वतः झिजतो आणि मागचा दगड वाचवतो, आणि तो झिजला की पुन्हा द्यायचा असतो. हे चक्र मोडले गेले.

दिसण्याच्या दृष्टीनेही नुकसान झाले, याकडे मला विशेष लक्ष वेधायचे आहे, कारण वादात ही बाजू सहसा मांडली जात नाही. बॉम जीझसच्या दर्शनी भागावरील स्तंभ आणि कोरीवकाम यांसाठी काळसर बेसाल्ट वसईहून, चारशेहून अधिक किलोमीटर अंतरावरून समुद्रमार्गे आणला गेला. जांभा गोव्यातच हाताशी असताना एवढा खटाटोप केला गेला याचे एक कारण म्हणजे जांभ्यावर बारीक कोरीवकाम टिकत नाही. दुसरे कारण पाहणाऱ्याला समोर उभे राहिल्यावर जाणवते. गडद स्तंभ, पट्ट्या आणि खिडक्यांच्या चौकटी यांची रेखीव मांडणी फिक्या चुन्याच्या भिंतीवर जशी उठून दिसली असती तशी ती तांबड्या, खडबडीत जांभ्यावर दिसत नाही. शेवाळाने भिंत काळवंडली की दगड आणि कोरीवकाम एकमेकांत मिसळून जातात. लोक ज्याला चर्चचे मूळ रूप म्हणतात, त्याने मूळ कारागिरांची रचना झाकली आहे, असे मला वाटते.

गोवा मुक्त झाल्यावर ही वास्तू केंद्राच्या पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आली आणि 1986 मध्ये गोव्यातील चर्च आणि मठ यांचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला. मिस्सा आणि फेस्त चर्चकडे, दगड आणि छप्पर खात्याकडे, अशी कामाची वाटणी झाली. भिंतीचा प्रश्न अधूनमधून निघत राहिला, पण तो ठळकपणे लोकांसमोर आला 2020 च्या सुमारास, जेव्हा चर्चच्या व्यवस्थेतूनच छपराच्या दुरुस्तीतील दिरंगाई आणि उघड्या भिंतींतून मुरणारे पाणी यांविषयी जाहीर तक्रार झाली आणि गिलावा पुन्हा देण्याची मागणी करण्यात आली. आत सोन्याचा मुलामा दिलेले लाकूड आहे, रंगवलेली चित्रे आहेत, संताचे शव आहे. ओल ही या सर्वांची वैरी आहे. तेव्हा बाहेरच्या भिंतीचा प्रश्न आतल्या वेदीचाही प्रश्न ठरतो.

गिलाव्याच्या विरोधकांचे म्हणणे टाकाऊ नाही. लाल बासिलिका ही आता गोव्याची ओळख झाली आहे. टपाल तिकिटे, पाठ्यपुस्तके, पर्यटनाच्या जाहिराती यांतून दोन-तीन पिढ्यांनी तिला याच रूपात ओळखले आहे आणि अनेक भाविकांचाही या रूपावर जीव जडला आहे. सत्तर वर्षे उघड्या राहिलेल्या दगडावर नवा गिलावा कितपत धरेल, हाही तांत्रिक प्रश्न आहे. शिवाय स्मारकांच्या जतनाविषयीच्या 1964 च्या आंतरराष्ट्रीय व्हेनिस सनदेचा आधार घेतला जातो. स्मारकाच्या जडणघडणीत सर्व काळांनी घातलेली भर मान्य करावी, असे तिचे अकरावे कलम सांगते, आणि नववे कलम अंदाजाच्या आधारे जीर्णोद्धार करू नये असे बजावते.

परंतु सनद नीट वाचली तर ती लाल भिंतीच्या बाजूने फारशी बोलत नाही. अकरावे कलम भर घालण्याविषयी आहे. 1950 च्या दशकाच्या आरंभी बॉम जीझसमध्ये भर पडली नाही, वजाबाकी झाली. आणि तेच कलम असेही म्हणते की शैलीची एकसारखी शुद्धता हे जीर्णोद्धाराचे उद्दिष्ट नव्हे, जे उद्दिष्ट नेमके त्या वेळच्या कामामागे होते. नवव्या कलमातील अंदाजाची भीती येथे बरीच कमी होते, कारण गिलाव्यासह घेतलेली छायाचित्रे उपलब्ध आहेत आणि शेजारची समकालीन चर्च गिलाव्यात उभी आहेत. ओळखीचा मुद्दा उरतो, आणि तो भावनेचा असल्याने मी तो हलका मानत नाही. तरीही जी ओळख टिकवण्यासाठी वास्तू दरवर्षी थोडी थोडी झिजू द्यावी लागते, ती किती काळ टिकेल याचे उत्तर विरोधकांकडून मिळालेले नाही.

गिलावा द्यायचा तर कशाचा, हा पुढचा आणि कदाचित अधिक नाजूक प्रश्न आहे. सिमेंटचा गिलावा देणे सोपे, स्वस्त आणि घातक ठरेल. तो पाणी आत कोंडतो, क्षार दगडातच साचतात आणि पापुद्रा निघाला की चिऱ्याचा पृष्ठभागही घेऊन येतो. कोकणातील अनेक जुन्या घरांना अलीकडे हाच अनुभव येत आहे. लागेल तो शिंपले भाजून केलेला, भिजवून मुरवलेला चुना, बारीक वाळू आणि तो पातळ थरांत लावणारा हात. असा चुना सावकाश घट्ट होतो, त्यामुळे काम ऑक्टोबरनंतर सुरू करून मे महिन्यापूर्वी उरकावे लागते, आणि नेमक्या त्याच मोसमात 24 नोव्हेंबरपासून नोव्हेना (फेस्तापूर्वीच्या नऊ दिवसांच्या प्रार्थना), 3 डिसेंबरचे फेस्त आणि नाताळ येतात. म्हणजे परांची उभी करण्याच्या दिवसांपासून चर्चला विश्वासात घ्यावे लागेल. पूर्ण वास्तूला एकदम हात घालण्यापेक्षा नैर्ऋत्येचा पाऊस थेट बसणाऱ्या, पण दर्शनी नसलेल्या भिंतीचा एक भाग निवडावा, त्यावर चुन्याचा गिलावा द्यावा आणि शेजारचा तेवढाच भाग उघडा ठेवून दोन्हींमधील ओल काही पावसाळे मोजावी, ही सूचना दोन्ही पक्षांना मान्य होण्यासारखी आहे. मोजमापाचे आकडे लोकांसाठी खुले ठेवावेत आणि चुना लावणाऱ्या गवंड्यांमध्ये गोवा आणि सिंधुदुर्गातील तरुणांना घ्यावे, कारण गिलावा दिला तरी तो दर काही वर्षांनी पुन्हा द्यावा लागणार आहे आणि ते काम येणाऱ्या माणसांची संख्या वेगाने घटत आहे.